छोट्या बेस ॲम्पवर "बेस फुल, मिड झिरो"? नाय बे, उलटं आहे ते

सोलापुरात बेस गिटार वाजवणारी पोरं तशी मोजकीच, ऑर्केस्ट्रावाले, चर्चवाले आणि कॉलेजचे दोन-चार बँड, पण सगळ्यांच्या मोबाइलवर सध्या तोच एक मेसेज फिरतोय. म्हणे "प्रॅक्टिस ॲम्पमधनं भारी टोन पाहिजे तर बेस फुल, मिड झिरो, ट्रेबल फुल, गेन फुल, ॲम्प कोपऱ्यात जमिनीवर, घुमला तर मागं चादर टांगा, हम आला तर अर्थिंगची पिन काढा, आणि तरी नाही जमलं तर ॲम्प विका कारण 8 इंची स्पीकरमधनं बेस निघतच नसतो." (ॲम्प म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारा स्पीकरचा डबा. त्यावरचे बेस, मिड, ट्रेबल हे नॉब खालचे, मधले, वरचे सूर कमी-जास्त करतात, गेन म्हणजे आत येणारा आवाज किती वाढवायचा तो नॉब, आणि हम म्हणजे मागं सतत चालणारी घूं.) एकेक बघू.

आधी बेस फुल. बेस गिटारची मोकळी ई तार, म्हणजे सगळ्यात जाड तार, साधारण 41 हर्ट्झला (सेकंदाला 41 कंपनं) वाजते, आणि छोट्या डब्यातला 8 इंची स्पीकर तिथपर्यंत पोचायच्या आधीच दमलेला असतो. नॉब फिरवून तुम्ही 10 डेसिबल वाढवले म्हणजे ॲम्पकडं तेवढ्या भागासाठी 10 पट पॉवर मागितली, 20 वॅटच्या ॲम्पनं ती आणायची कुठनं? मग तो फर्र फर्र करतो आणि आपण म्हणतो स्पीकर फाटला. बेस थोडा कमी करा, तोच ॲम्प जास्त मोठा आणि साफ वाजतो, करून बघा.

"8 इंचीतनं बेस निघतच नाही" हे यातूनच आलंय आणि ते अर्धंच खरंय. 41 चा मूळ सूर जवळपास गायब असतो, हे मान्य. पण त्याच तारेतनं 82, 123 असे वरचे सूरही निघतात आणि तेवढ्यावरनं कान खालचा सूर स्वतःच धरून घेतो. जुन्या लँडलाइनवर 300 हर्ट्झच्या खालचं काही जायचं नाही, तरी काकांचा घोगरा आवाज घोगराच ऐकू यायचा की.

आता मिड झिरो. या मेसेजमधला सगळ्यात नुकसान करणारा सल्ला हाच. खोलीत एकट्यानं वाजवताना मिड काढलेला आवाज गोड लागतो, नाकारत नाही, पण ड्रम आणि कीबोर्ड सुरू झाले की तुम्ही आहात का घरी गेलात तेच कळत नाही. अशोक चौकाकडं ज्यांच्या भिंतीपलीकडं यंत्रमाग चालतो त्यांना हे सांगायला नको, त्या खडखडाटात नुसता खर्ज बुडतो. कुठला सूर वाजला ते कळतं साधारण 500 ते 800 हर्ट्झच्या पट्ट्यात, म्हणजे छोटा स्पीकर जिथं जोरात आहे तिथंच! मग तेच का काढून टाकता? आवाज गढूळ वाटला तर 200-250 हर्ट्झच्या आसपास कमी करा. आणि हळू आवाजात कानाला खर्ज कमीच ऐकू येतो, फ्लेचर आणि मनसन या संशोधकांनी 1933 सालीच ते मोजून दाखवलंय, त्यामुळं रात्री हळू आवाजात बेस वाढवून लावलेलं सेटिंग दुसऱ्या दिवशी प्रॅक्टिसला भसाडं वाटणारच.

गेन फुल केला की आवाज वाढत नाही, फाटतो. जोरात तार ओढून बघा, फाटायला लागलं की थोडा मागं घ्या, मग आवाज मास्टर व्हॉल्यूमच्या नॉबनं वाढवा. बॅटरीवाल्या ॲक्टिव्ह बेसला तर गेन अजून कमी लागतो. ट्रेबल फुल केल्यावर बोटांची खरखर आणि फ्रेटची (गिटारच्या मानेवरच्या धातूच्या पट्ट्यांची) टकटकच जास्त येते. मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीच्या गाण्यांवर बेस वाजवणाऱ्या जेम्स जेमरसननं फ्लॅटवाउंड (गुळगुळीत) तारा आणि ब्रिजपाशी, म्हणजे तारा खाली टेकतात तिथं, फोम लावून जे वाजवलं त्यात चकाकी कितीशी आहे? सगळ्यांनी तसंच वाजवावं असं नाही, पण "फुल"चा हट्ट कशाला.

कोपऱ्यात बेस वाढतो हे खरंय. पण शहाबादी फरशी, वर स्लॅब, खोली दहा बाय दहा, तिथं एखादाच सूर ढोलासारखा घुमतो आणि बाजूचा मेलेला वाटतो. ॲम्प खुर्चीवर ठेवा, भिंतीपासनं लांब, तोंड कानाकडं. जमिनीवरच्या ॲम्पचं आपल्या पोटऱ्याच ऐकतात. आणि चादर! सोलापूरकर म्हणून अभिमान आहेच, पण 41 हर्ट्झची लाट आठ मीटरच्या वर लांब असते, तिला सुती चादर काय अडवणार, चादरीनं फक्त ट्रेबल मऊ होईल.

राहिली अर्थिंगची पिन. हे वाचून मी खरंच चिडलो. तारांना हात लावला की हम कमी होतो ना, म्हणजे तारा ॲम्पमधनं अर्थला जोडलेल्या आहेत. ती जाडी पिन काढली आणि ॲम्पमध्ये काही बिघडलं तर करंट थेट तुमच्या हातात येईल. आधी चार्जर लांब करा, दुसरी केबल लावून बघा, जॅझ बेस (दोन पिकअपवाली बेस गिटार, पिकअप म्हणजे तारांचा आवाज पकडणारा भाग) असेल तर दोन्ही पिकअपचे व्हॉल्यूम सारखे ठेवा, बहुतेक बेसवर त्यानं हम कमी होतो. तरीही राहिला तर वायरमनला बोलवून घराचं अर्थिंग तपासून घ्या, जुन्या घरात बऱ्याचदा सॉकेटला तिसरं भोक असतं पण त्यामागं वायरच नसते.