सोडणांचा कोळसा आणि निळं पाणी

पुतणी एम.एस्सी.ला आहे. मे महिन्यात मालवणला आली ती प्रोजेक्ट घेऊनच: नारळाच्या सोडणांपासून (नारळावरची काथ्याची साल, आमच्याकडे न्हाणीचं पाणी तापवायला जाळतात ती) नॅनो म्हणजे अतिसूक्ष्म कणांचा पदार्थ बनवून पाण्यातला रंग काढायचा. परड्यातली सोडणं पोत्यात भरायला लागली तशी काकी आतून ओरडली, "माझी न्हाणयेची सोडणां कित्याक नेतस गो?" प्रोजेक्टच्या पहिल्याच ओळीत सोडणांना 'टाकाऊ' म्हटलंय, हे काकीला सांगायची माझी काही छाती झाली नाही.

गणपतीला सोडणं परत आली, सक्रिय कोळशाची (मुद्दाम बारीक भोकाभोकांचा केलेला कोळसा) बरणीभर काळी पूड होऊन. पडवीत प्रयोग झाला. काचेच्या ग्लासात पाणी, त्यात मिथिलिन ब्लूचे दोन थेंब (माशांच्या टाकीत घालतात ते निळं औषध), वर चिमूटभर पूड. चहा होईस्तोवर निळा रंग गायब! पुडीत हिराकस वगैरे वापरून लोहाचे अतिसूक्ष्म कण बसवलेत. जुन्या स्पीकरचं लोहचुंबक बाहेरून लावलं तशी सगळी पूड सरकत काचेच्या एका बाजूला गोळा झाली. खोटं कशाला बोला, मी पण टाळी वाजवली.

यात जादू नाही. चांगल्या सक्रिय कोळशाच्या एका ग्रॅममधल्या भोकाभोकांचा पृष्ठभाग हजार चौरस मीटरपर्यंत भरतो, म्हणजे जवळजवळ दहा गुंठे. आमच्या भावकीत तेवढ्यासाठी दोन पिढ्या कोर्टात गेल्यात. त्यात मिथिलिन ब्लूवर धन भार आणि अशा कोळशावर बहुतेक वेळा ऋण, म्हणून रंग चटकन चिकटतो.

आणि माझी कुरकूर इथेच आहे. सुती कापड रंगवायला सर्रास वापरतात ते रिॲक्टिव्ह रंग ऋण भाराचे. त्या सांडपाण्यात रंग एकटा नसतो. मीठ असतं, सोडा असतो, शिवाय ते गरम. शुद्ध पाण्यात सोप्यातला सोपा रंग घालून '९८ टक्के निघाला' म्हणणं म्हणजे तळ्यात पोहून दर्याच्या गजाली सांगणं. पुतणीला हे बोललो तर म्हणाली, "काका, गाईडना पण हेच विचारलं होतं. ते म्हणाले, आधी पेपर छापून येऊ दे."

पोरीची मेहनत खरी आहे. पण रंग संपलेला नाही, फक्त पाण्यातून कोळशावर गेलाय. कोळसा ॲसिडने किंवा अल्कोहोलने धुऊन पुन्हा वापरता येतो, पण मग धुवणात रंग आलाच. शिवाय प्रत्येक वेळी कोळशाची ताकद थोडी कमी होते. महाड, लोट्यासारख्या रासायनिक वसाहतींच्या खाली खाड्या आहेत, खाड्यांवर मासे मारणारी माणसं आहेत. त्यांच्यासाठी हे उपयोगी पडायचं असेल तर वापरलेल्या पुडीचं काय करणार, हे प्रोजेक्टच्या पहिल्या पानावर हवं.

त्या दिवशी ग्लासातला गाळ मी माडाच्या आळ्यात ओतायला निघालो होतो. आळ्यापासून विहीर दहा पावलांवर. पुतणीनेच हात धरला. गाळ बरणीत भरून, वर चिठ्ठी चिकटवून पडवीच्या फळीवर ठेवलाय. ती दिवाळीला येऊन नेणार होती. बरणी अजून तिथेच आहे.