चार्जरवाला चोरी करत नाहीये, गाडीच कमी मागतेय

"60 किलोवॅटचा बोर्ड लावतात, देतात 25, बाकीचे पैसे खिशात, वर 80 टक्क्यांनंतर मुद्दाम स्लो करतात बिल वाढवायला." आमच्या चेंबूरच्या सोसायटीच्या ग्रुपवर ईव्हीच्या फास्ट चार्जिंग स्टेशनांबद्दलचा हा मेसेज परत आलाय आणि लोक खरं मानून ईव्हीचं बुकिंग कॅन्सल करायच्या गोष्टी करतायत, म्हणून लिहितोय.

आधी पैशांचं. किलोवॅट म्हणजे वेग, बिल लागतं युनिटवर. 18 युनिट भरले तर 18 चेच पैसे, अर्ध्या तासात भरा नाहीतर दीड तासात. मॉलचं पार्किंग तासावर लागतं, ते वेगळं.

आता 60 चे 25 का. बोर्डावरचा आकडा ही मशीनची कमाल ताकद आहे. गन, म्हणजे चार्जरचा प्लग, गाडीला लावली की गाडीतली बीएमएस, म्हणजे बॅटरी सांभाळणारी सिस्टीम, किती करंट हवा ते चार्जरला सांगते, पूर्ण वेळ सांगत राहते, आणि चार्जर त्याच्यापेक्षा जास्त सोडतच नाही. टाटाची जुनी, 30.2 युनिटच्या बॅटरीवाली नेक्सॉन ईव्ही घ्या, कंपनीनेच सांगितलेलं फास्ट चार्जरवर 0 ते 80 ला 60 मिनिटं, म्हणजे तासाला साधारण 24 युनिट, म्हणजे सरासरी 24 किलोवॅट. तिला 120 च्या मशीनला लावलं तरी ती काय जास्त घेणार नाहीये. शिवाय शेजारच्या गनला दुसरी गाडी लागली की बऱ्याच मशीनमध्ये 60 चे 30-30 होतात, तेही बघत जा.

80 नंतरचं म्हणाल तर, बॅटरीतला सेल भरत आला की त्याचं व्होल्टेज वरच्या मर्यादेला टेकतं, तिथे करंट कमी नाही केला तर लिथियम ॲनोडच्या, म्हणजे सेलच्या निगेटिव्ह बाजूच्या, आत शिरायच्या ऐवजी त्याच्यावर धातूसारखं साचतं आणि बॅटरी कायमची खराब होते. तुमच्याच बॅटरीसाठी आहे ते!

"लाईटच कमी सोडतात" म्हणे. मग त्याच गनवर पुढची गाडी 50 ने कशी घेते?

मे महिन्यात भर दुपारी खंडाळ्याचा घाट चढून लगेच गन लावलीत तर बॅटरी पॅक तापलेला असतो, तेव्हाही बीएमएस करंट कापते. थंडीतही कापते, पण युरोपातल्या बर्फातले व्हिडिओ मुंबईचा पुरावा म्हणून कृपा करून टाकू नका.

तक्रार करायचीच असेल तर ॲपवर चालू दिसणाऱ्या आणि जागेवर गेल्यावर बंद निघणाऱ्या गनांची करा, त्याला मीही सही देतो.