केस-दातांची गाठ काढ्याने विरघळत नाही

जळगाव-धुळे-नंदुरबारकडच्या महिलांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतो आहे. अंडाशयातल्या डरमॉइड गाठीबद्दल, म्हणजेच टेराटोमाबद्दल, त्यात सांगितलंय ते थोडक्यात असं: ही गाठ म्हणजे पोटात राहिलेलं अर्धवट मूल. २१ दिवस काढा घेतला की विरघळते, नाहीतर सुईने पाणी काढून घ्यावं. ऑपरेशन केलं तर मूल होत नाही, कॅन्सर पसरतो. दुखलं तर शेक द्यावा. आणि अशा बाईला बहुतेक वेळा बाहेरची बाधा असते.

शेकाचा सल्ला सगळ्यात घातक आहे, म्हणून सुरुवात तिथून.

“दुखलं तर शेक द्या”

डरमॉइडमध्ये चरबी असते आणि गाठ देठावर लोंबते. ती साधारण ५ सेंटिमीटरच्या पुढे गेली की अंडाशयाला देठासकट पीळ पडण्याचा धोका वाढतो. पीळ पडला की आधी अशुद्ध रक्त बाहेर नेणाऱ्या शिरा दाबल्या जातात, अंडाशय सुजतं, मग आत येणारं रक्तही थांबतं. ओटीपोटात एका बाजूला एकाएकी कळ येते, सोबत उलट्या होतात. कळ कमी होते, पुन्हा येते. पीळ कधी आपोआप अर्धवट सुटतो, कधी अंडाशय मरत आल्यामुळे दुखणं मंदावतं. दोन्ही वेळा घरी वाटतं, शेक लागू पडला. शेकाने पीळ सुटत नाही.

गाठ असल्याचं आधीच माहीत असलेली लेक “माय, पोट दुखस” म्हणत उलट्या करायला लागली, तर खाणं-पिणं बंद ठेवा, जुना सोनोग्राफी रिपोर्ट घ्या आणि १०८ ला फोन करा. धडगाव-अक्कलकुव्याकडून घाट उतरून यायचं असेल तर सकाळची वाट पाहू नका. तिन्ही जिल्ह्यांच्या ठिकाणी सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. डॉपलरमध्ये (रक्तप्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीत) रक्तप्रवाह दिसला म्हणून पीळ नाही, असं ठरत नाही. लक्षणं तशी असतील तर दुर्बिणीतून पाहावंच लागतं. काळंनिळं दिसणारं अंडाशयही पीळ सोडवल्यावर अनेकदा सावरतं. तरुण मुलीचं अंडाशय नुसत्या रंगावरून काढून टाकू नये, हे नातेवाइकांनीही आग्रहाने सांगावं.

“अर्धवट मूल असतं”

नाही. मुलगी जन्मते तेव्हाच तिच्या अंडाशयात बीजपेशी असतात, आणि प्रत्येकीत शरीराची कुठलीही ऊती (पेशींचा थर, जसं त्वचा किंवा हाड) घडवण्याची क्षमता असते. त्यातली एखादी पेशी पुरुषबीजाशिवाय, आपल्या आपणच वाढू लागते. मग त्वचा, केस, तेलग्रंथी, दात, क्वचित थायरॉइडची ऊतीसुद्धा तयार होते. त्यात गर्भ नसतो आणि पुरुषाचा संबंधही नसतो. पाळी न आलेल्या मुलीतही ही गाठ सापडते. लग्न न झालेल्या मुलीवर यावरून संशय घेणं हा तिच्यावर उघड अन्याय आहे.

“२१ दिवसांत विरघळते”

हा अनुभव सांगणाऱ्या बायका खोटं बोलत नसतात. त्यांना बहुधा डरमॉइड नसतंच. पाळीच्या चक्रात होणाऱ्या साध्या पाण्याच्या किंवा रक्ताच्या गाठी दोन-तीन पाळ्यांत आपोआप जिरतात. त्या काळात घेतलेल्या काढ्याला श्रेय मिळतं. रक्ताची गाठ सोनोग्राफीत कधी डरमॉइडसारखीही दिसते. म्हणून शंका असेल तर ६ ते ८ आठवड्यांनी, पाळी संपल्यावर लगेच, पुन्हा सोनोग्राफी करतात. डरमॉइडला आतून त्वचेचं अस्तर असतं. केस आणि दात पोटात घेतलेल्या औषधाने विरघळत नाहीत.

रिपोर्टमध्ये एवढं असायला हवं: कुठली बाजू, तिन्ही मापं सेंटिमीटरमध्ये, घट्ट भाग आहे का, त्या घट्ट भागात रक्तप्रवाह आहे का, पोटात पाणी आहे का, आणि दुसरं अंडाशय कसं आहे. शंभरातल्या १० ते १५ जणींमध्ये ही गाठ दोन्ही बाजूंना असते. पोटावरून केलेल्या सोनोग्राफीत डरमॉइड आतड्यातल्या वायूसारखं दिसून सुटूही शकतं. नक्की कळत नसेल तर एमआरआयमध्ये चरबी ओळखू येते.

“सुईने पाणी काढा”

आत पाणी नसतंच. असतो तो तेलकट, पिवळसर लगदा. शरीराच्या उबेत तो पातळ असतो, बाहेर ट्रेमध्ये आला की थिजतो, पौषातल्या थंडीत डब्यातलं तूप थिजतं तसा. केस गुंतलेला हा लगदा सुईतून पूर्ण येत नाही, अस्तर तर जागेवरच राहतं, आणि गळालेल्या चरबीने पोटाच्या आतल्या पडद्याला सूज येऊन आतडी चिकटू शकतात. म्हणूनच ऑपरेशनमध्ये गाठ पिशवीत घालून बाहेर काढतात, आणि काही सांडलंच तर कोमट सलाइनने पोट भरपूर धुतात. थंड सलाइन वापरलं तर चरबी तिथेच गोठून बसेल.

“मूल होत नाही, कॅन्सर पसरतो”

लहान, त्रास न देणारी गाठ डॉक्टर नुसती लक्ष ठेवूनही सांभाळतात. ती वर्षाला जेमतेम एक-दोन मिलिमीटर वाढते. मोठी झाली किंवा दुखू लागली तर फक्त गाठ सोलून काढतात, अंडाशय ठेवतात. त्यात थोडी बीजं जातात हे खरं, म्हणून दोन्ही बाजूंना गाठी असतील तर मुलाबाळांचा विचार डॉक्टरांशी आधीच बोलून घ्यावा. एक अंडाशय उरलं तरी दिवस राहतात.

पक्व डरमॉइडमध्ये कॅन्सर होण्याचं प्रमाण शंभरात १-२, तेही बहुतेक पाळी गेलेल्या बायकांत. कोवळ्या मुलींत होणारा अपक्व, म्हणजे अर्धवट घडलेल्या ऊतींचा, टेराटोमा वेगळा आणि दुर्मीळ आहे. तो भरभर वाढतो आणि घट्ट असतो. अशी शंका असेल तर ऑपरेशनआधी रक्तातली एएफपी, बीटा-एचसीजी आणि एलडीएच ही अशा गाठींची खूण देणारी द्रव्यं तपासतात. त्यातही बहुतेकींचं दुसरं अंडाशय आणि गर्भपिशवी वाचवता येते. काढलेली गाठ दरवेळी पॅथॉलॉजीला गेलीच पाहिजे, आणि तो रिपोर्ट जपून ठेवायचा.

“बाहेरची बाधा असते”

इथे एक खरा आजार दडलाय. काही जणींत टेराटोमामधल्या मेंदूसारख्या ऊतीविरुद्ध शरीर प्रतिपिंडं (अँटीबॉडी) बनवतं, आणि ती मेंदूवरच हल्ला करतात. २००७ साली याचं नीट वर्णन झालं. नाव आहे अँटी-एनएमडीए रिसेप्टर एन्सेफलायटिस. आधी ताप-डोकेदुखी, मग काही दिवसांतच चांगली मुलगी असंबद्ध बोलते, झोपत नाही, झटके येतात, तोंड वेडंवाकडं हलतं, मग बोलणंच थांबतं. लोक म्हणतात अंगात आलं, आणि भगताकडे नेण्यात आठवडे जातात. अशा मुलीला मेंदूविकारतज्ज्ञाकडे न्या, पाठीतल्या पाण्याची आणि रक्ताची प्रतिपिंडांसाठी तपासणी करा, आणि ओटीपोटाची सोनोग्राफी किंवा एमआरआय मागा. गाठ एक-दोन सेंटिमीटरची असली तरी हा आजार होऊ शकतो. गाठ काढून स्टिरॉइड, इम्युनोग्लोब्युलिन किंवा प्लाझ्मा बदलण्याचे उपचार लवकर सुरू झाले तर बहुतेक जणी बऱ्या होतात; पूर्ववत व्हायला मात्र कित्येक महिने लागतात.