कादंबरीशेजारी कागद ठेवले तर बिघडतं कुठे?

गेला महिनाभर आमच्या धुळे-नंदुरबारकडच्या शिक्षकांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. थोडक्यात असा: ‘विश्वास पाटलांची “पानिपत” वाचायला दिली की बास. सोबत इतिहासाचं दप्तर उघडू नका, रस जातो. लेखकाने सगळं वाचूनच लिहिलंय. भुकेचे हाल, मल्हारराव होळकरांची दगाबाजी, सगळं कळतं. तारखांशी आपल्याला काय करायचंय?’ खाली अंगठ्यांची रांग. एकाने अहिराणीत पुस्ती जोडली, ‘कसाले इतला तरास?’

तर तरास कशासाठी, ते सांगतो.

रस जातो म्हणे. अहो, पानिपताचा शेवट ठाऊक नसलेला मराठी माणूस दाखवा. विश्वास गेला पानिपतात, हे आपण उधारी मागणाऱ्याला टपरीवर ऐकवतो. 1988 साली ही कादंबरी आली तीच मुळी शेवट माहीत असलेल्या वाचकांपुढे. तरी कुणी हातातून खाली ठेवली नाही. चार पत्रं वाचून आता काय फुटणार आहे?

लेखकाने वाचलंय, हे खरंच. पण इतिहासाची साधनं एकमेकांशी भांडतात तिथे कादंबरीकाराला एक वाट धरावी लागते. मराठी फौजेचे सेनापती सदाशिवराव भाऊंचंच घ्या. अब्दालीच्या बाजूने लढलेल्या अवधच्या नवाबाच्या, शुजाउद्दौल्याच्या, पदरी असलेल्या काशीराजाने लढाई डोळ्यांनी पाहिली आणि बऱ्याच वर्षांनी फारसीत लिहून ठेवली. भाऊंचं शिर नसलेलं धड सापडलं, ओळख पटवली, असं तो सांगतो. इकडे भाऊंच्या पत्नी पार्वतीबाईंनी वैधव्य मानलंच नाही. भाऊ म्हणवणारा तोतया उभा राहिला आणि 1776 साली देहान्ताची शिक्षा होईपर्यंत त्याने पुण्याच्या कारभाऱ्यांची झोप उडवली. धड ओळखलं गेलं होतं, तर इतके लोक तोतयाच्या मागे का गेले? हा प्रश्न वर्गात टाकून बघा. तास संपल्याची घंटा ऐकू येत नाही.

भुकेचे हाल वाचताना पोटात कालवतं, कबूल. पण ते झाले कशामुळे? 17 ऑक्टोबर 1760ला मराठ्यांनी दिल्लीच्या उत्तरेचा कुंजपुरा घेतला आणि आठवडाभरातच अब्दाली बागपतजवळ यमुना उतरून त्यांच्या आणि दिल्लीच्या मध्ये आला. घरची वाट बंद. आमच्या वाचनमंडळात रावेरकडचे एक केळीवाले काका येतात. नकाशा बघून त्यांनी एवढंच विचारलं, ‘समजा पन्नास हजार घोडी. दाणा चार-चार किलो. रोजचे किती झाले?’ दोनशे टन. ‘म्हणजे दहाटनी वीस गाड्या भाऊ, रोजच्या. माणसांचं अजून धरलंच नाही.’ ज्याने आयुष्यभर गाड्या भरल्यात त्यालाच हे सुचतं. अडीच महिने दोन्ही फौजा समोरासमोर बसून होत्या. अब्दालीची रसद तोडायला निघालेले गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात मारले गेले, ही ओळ त्या हिशेबानंतर वाचली, तेव्हा मंडळात कुणी बोललं नाही.

तारखांचं लवकर आटपतो. त्याच मेसेजखाली एकाने लिहिलंय, लढाई 14 जानेवारीला, म्हणजे संक्रांतीलाच, म्हणून ‘संक्रांत कोसळली’ म्हणतात. संक्रांत साधारण सत्तर वर्षांत एक दिवस पुढे सरकते. 1761 साली ती 10 जानेवारीच्या सुमाराला होती. लढाईचा दिवस पौष शुद्ध अष्टमी, बुधवार. तारखांशी काय करायचंय, तर हे.

राहिले मल्हारराव. इथे मला पक्षकारच समजा, कारण मी तळोद्याचा. मामा भोजराज बारगळांकडे मल्हारराव वाढले ते आमच्याच गावात. ‘दगाबाज’ शब्द आला की इथल्या म्हाताऱ्यांच्या कपाळाला आठी पडते.

कागद काय सांगतात? गोलाची रचना करून, म्हणजे बायकामंडळी मध्ये आणि फौज भोवती घेऊन, इब्राहिमखान गारद्याच्या तोफांच्या आडोशाने बाहेर पडायचं ठरलं होतं. विंचूरकर-गायकवाडांच्या स्वारांनी उतावळेपणा करून ती रचना मोडली. दुपारी विश्वासराव पडले, फौज फुटली, आणि मल्हारराव निघून गेले ते तेव्हा. त्यांच्या बाजूचे म्हणतात, बायकामंडळी काढून न्यायला भाऊंनीच सांगितलं होतं. दुसरे हसतात. 1898 साली इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला. प्रस्तावनेत गोविंदपंतांवर कडक ठपका ठेवला आणि पुढे पत्रंही छापली. त्यामुळेच शेजवलकरांसारख्या पुढच्या इतिहासकारांना तो निवाडा उलटून तपासता आला. तेच राजवाडे 1926 साली धुळ्यात वारले आणि त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ आजही तिथे उभं आहे. धुळ्याच्या मास्तरांनी ‘दप्तर उघडू नका’ म्हणावं, याची मला गंमत वाटते.

आणि दप्तर उघडलं की ते आपल्या सोयीचंच बोलेल असंही नाही. 1757 साली दिल्लीत रोहिल्यांचा सरदार नजीबखान रघुनाथरावांच्या कैदेत सापडला होता. त्याला सोडा म्हणून मध्ये पडले ते मल्हाररावच. चार वर्षांनी पानिपतावर अब्दालीच्या शेजारी तोच नजीब उभा होता. तळोद्यात हे सांगितलं तेव्हा माझ्याच चुलत्यांनी विचारलं, ‘तू आमचा का त्यांचा?’

मी त्यांना कागद दाखवला. अजून बोलत नाहीत.