6174 आधी सांगायचं की नाही?

गणिती कापरेकरांनी शोधलेली 6174 ही संख्या वर्गात दाखवावी का, यावरून नाशिकरोडच्या आमच्या कट्ट्यावर परवा चांगलीच जुंपली. मास्तर शाळेत गणित शिकवतात. ते म्हणाले, समोरच्या रिक्षाचा नंबर घ्या, 3524. अंक उतरत्या क्रमाने लावा, मग चढत्या, आणि वजा करा. 5432 वजा 2345, 3087. पुन्हा तेच. 8730 वजा 0378, 8352. पुन्हा. 8532 वजा 2358, 6174. आता कितीही वेळा करा, 6174 च येणार. चारही अंक एकच (जसे 1111) नसले की झालं, जास्तीत जास्त सात फेऱ्यांत तिथे पोचताच.

"हे जादूचे प्रयोग झाले," वकील म्हणाले. "पोरं 'वा' म्हणतात आणि पाच मिनिटांत विसरतात. परीक्षेत 6174 येत नाही."

मास्तर तापले. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर इथेच, देवळालीला 1930 ते 1962 शाळामास्तर होते. विद्यापीठात खुर्ची नाही, हाताखाली कोणी नाही. 1975 साली गणितावर लिहिणारे मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात लिहिलं तेव्हा जगाला त्यांचं नाव कळलं. "त्यांना तुम्ही जादूगार म्हणता?"

मला मास्तरांचा संताप पटला, पण वकिलांचं म्हणणंही खोटं नाही. उत्तर आधी सांगितलं की त्या संख्येतला जीवच जातो. तीन अंकांपासून सुरुवात करावी आणि शेवटची संख्या फळ्यावर लिहूच नये. 831 घेतलं तर 693, 594, 495. दुसऱ्या बाकावरचा मुलगाही 495 वरच येतो. मग 'का' हा प्रश्न मास्तरांना विचारावा लागत नाही, वर्गच विचारतो. आणि इथे 'का' आठवी-नववीच्या मुलाला सुटतो. वजाबाकीत मधला अंक उडून जातो, उरते ती 99 ची पट. त्यातून येणारी उत्तरं म्हणजे 099, 198, 297, 396, 495 किंवा त्यांचेच अंक फिरवून. मधे कायम 9, कडेच्या दोघांची बेरीजही 9. म्हणजे तपासायच्या फक्त पाच जोड्या. 990 पासून निघा: 891, 792, 693, 594, 495. पायऱ्या दिसतात! ही सिद्धता आहे, आणि ती मुलाची स्वतःची आहे.

एवढ्यात वहिनींनी वेगळाच विषय काढला. लेक कानात इयरफोन घालून अभ्यास करते, चालेल का? आमच्यातल्या इंजिनिअरिंगच्या पोराने लगेच पाश्चात्य संगीतकार मोझार्टचं नाव घेतलं, त्याचं संगीत ऐकून बुद्धी वाढते म्हणे. हे ज्यावरून पसरलं तो 1993 सालचा प्रयोग मुळात कॉलेजच्या विद्यार्थ्यांवर होता, कागदाच्या घड्या मनात उलगडण्यासारख्या कामांपुरता, आणि परिणाम टिकला जेमतेम दहा-पंधरा मिनिटं. तरी 1998 साली अमेरिकेत जॉर्जियाच्या गव्हर्नरांनी नवजात बाळांना संगीताच्या सीडी वाटण्यासाठी सरकारी पैसे मागितले. वहिनींना मी एवढंच म्हटलं की धडा वाचताना शब्दांची गाणी नकोत, कारण ते शब्द वाचनाच्या आड येतात. उदाहरणं सोडवताना नुसती सतार चालू असली तर मी अडवणार नाही.

"संगीत मागे कशाला लावता? पुढे घ्या ना," बुवा म्हणाले. ते तबला शिकवतात. मांडीवर ताल धरून त्यांनी तिहाई, म्हणजे तोच बोल तीनदा, म्हटली: तिट कत गदि गन धा, एक मात्रा दम (थांबा), पुन्हा तेच, पुन्हा दम, पुन्हा तेच. पाच, एक, पाच, एक, पाच. सतरा. त्रितालाच्या सोळा मात्रा, म्हणून समेवरून, म्हणजे पहिल्या मात्रेवरून, निघालं की शेवटचा धा बरोबर पुढच्या समेवर. "आता बोल तीन मात्रांचा घेतला तर दम किती?"

वकिलांनीच पाकिटाच्या पाठीवर मांडलं, बोल क, दम ख: 3क + 2ख = 17. बोल 5 तर दम 1, बोल 3 तर दम 4, बोल 1 तर दम 7. दुसरा मार्ग नाही. मास्तर म्हणाले, "वकीलसाहेब, दोन चलांतलं समीकरण आहे हे. दहावीच्या परीक्षेत येतं."

मला मराठीचा तास आठवला. वृत्तांचे गण, म्हणजे तीन-तीन अक्षरांचे लघु-गुरू गट, लक्षात ठेवायचं सूत्र 'यमाताराजभानसलगा' आम्ही नुसतं घोकलं. त्यातली कुठलीही सलग तीन अक्षरं घ्या, एक गण मिळतो, आणि लघु-गुरूंच्या आठही जुळण्या एकेकदाच येतात. आठ गण, चोवीस अक्षरं लागायला हवीत, आणि काम दहातच भागलंय. शेवटचे 'लगा' म्हणजे लघु-गुरू, सुरुवातीचे 'यमा'ही लघु-गुरू. टोकं एकमेकांवर ठेवली तर आठ अक्षरांचं वर्तुळच होतं. हे आम्हाला कोणी मोजून पाहायला सांगितलं नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. मराठीच्या बाईंनी आणि गणिताच्या सरांनी मिळून एक तास घेतला असता तर?

"साठ पोरांच्या वर्गात हे होईल का?" वकिलांनी विचारलं. "हुशार चारजण करतील, मागचे बघत बसतील." याला मास्तरांकडे पक्कं उत्तर नव्हतं. पण 495 साठी वजाबाकीपलीकडे काही लागत नाही, आणि प्रत्येकाची संख्या वेगळी असल्याने शेजाऱ्याचं उतरवताही येत नाही. सोमवारी ते नववीला देणार आहेत, शेवटची संख्या न सांगता. वकिलांचं म्हणणं, सुरुवात मागच्या बाकापासून करा. मास्तरांनी ते मान्य केलंय.