एक रबरी होज मिळेना!

ट्रकच्या एअर क्लीनरपासून (हवा गाळणारा फिल्टर) टर्बोपर्यंत (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) जाणारा एक वाकडा रबरी होज, म्हणजे नळी. बस्स, एवढंच हवंय. अख्खं इंजिन मागतोय का मी? पण ट्रक जुना म्हटलं की काउंटरवरचा चेहराच पडतो. "मॉडेल बंद झालं." अहो, मॉडेल बंद झालं, ट्रक चालू आहे ना! पार्ट नंबर द्यावा तर तो बदललेला. नवा नंबर द्यावा तर "स्टॉकमध्ये नाही". मग ठेवणीतला डायलॉग : "हा बसेल बघा."

कसला बसतोय! तोंड दोन-तीन मिलिमीटर मोठं, बाक भलतीकडेच. क्लॅम्प आवळून आवळून त्याचे आटे गेले, तरी खालून बोट फिरवलं की फट लागतेच. त्या फटीतून धूळ फिल्टरला वळसा घालून थेट टर्बोच्या पात्यांवर, तिथून इंजिनच्या आत, सिलिंडरच्या लायनर-रिंगांवर. मग फिल्टर काय शोभेला लावलाय?

"सिलिकॉन फासा," म्हणे. तेलकट, थरथरणाऱ्या रबरावर? आणि वर, "गाडी विकून का टाकत नाही?" एका होजपायी!

सध्या जुन्या होजच्या चिरेवर सायकलची ट्यूब गुंडाळलीय. उद्या परत निघालोय, जुना तुकडा काखोटीला मारून.