हरित व्हा, पण भिंतीला हात लावू नका

तर तुम्ही हरित व्हायचं ठरवलंय. अभिनंदन! घाबरू नका, यात फारसं काही बदलावं लागत नाही. बरंचसं काम रंगारीच करून देतो.

सुरुवात घर घेण्यापासून करा. पुण्यात फ्लॅट बघायला जाल तेव्हा सकाळी अकराच्या आत जा. त्या वेळी हॉलची जमिनीपासून छतापर्यंतची काच फार देखणी दिसते. ती कुठल्या दिशेला आहे, हे विचारू नका. विचारलंत तर ‘हिल व्ह्यू आहे सर’ असं उत्तर मिळेल. टेकडीमागेच सूर्यही मावळतो, हे एप्रिलमध्ये दुपारी चार वाजता आपोआप समजतं. वर छज्जा नसतो, कारण छज्ज्याने एलिव्हेशन बिघडतं. काचेचा तर स्वभावच असा की ऊन मुकाट आत घ्यायचं आणि आत तापलेल्या वस्तूंची धग बाहेर सोडायची नाही. शेतीच्या भाषेत याला हरितगृह म्हणतात, त्यामुळे बिल्डरने माहितीपत्रकावर ‘ग्रीन होम्स’ छापलंय ते अगदीच खोटं नाही. तळेगावकडे लोक त्यात जरबेरा लावतात, तुम्ही सोफा लावा.

भिंतींची चौकशी करणं तर गावंढळपणाचंच. पूर्वी नऊ इंची विटेची भिंत असायची. आता मिवानच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या तयार साच्यात काँक्रीट ओतलं की आठवड्याला एक मजला वर चढतो. काँक्रीट विटेपेक्षा उष्णता लवकर आत आणतं, पण त्याचेही फायदे बघा. रात्री दहा वाजता पश्चिमेच्या भिंतीला पाठ टेकून बसलं की कंबर शेकून निघते. आमच्याकडे पाहुण्यांना आम्ही मुद्दाम त्या बाजूला बसवतो.

सरकारने २०१८ मध्ये ‘इको निवास संहिता’ काढली. भिंती, खिडक्या धरून घराच्या बाहेरच्या अंगातून सरासरी किती उष्णता आत येऊ द्यायची, याची मर्यादा तिने घालून दिली आहे : थंड प्रदेश सोडून बाकी देशात चौरस मीटरला १५ वॅट. या आकड्याला आरईटीव्ही म्हणतात. बुकिंगच्या वेळी हा विषय काढू नका. ‘तुमचा आरईटीव्ही किती?’ असं मी एकदा विचारलं, तर त्या भल्या मुलाने मला हॉलमध्ये टीव्ही कुठे लावायचा ते दाखवलं.

घर तापलं की एसी घ्या आणि पाच तारेवालाच घ्या. ताऱ्यांचे निकष दर काही वर्षांनी कडक होतात आणि कालचे पाच तारे आज तीन-चारवर येतात, याकडे दुर्लक्ष करा. स्टिकर थोडाच गळून पडतो? २०२० पासून नवा एसी सुरू करताच २४ अंशांवर येतो, तसा नियमच आहे. हा तुमच्या स्वातंत्र्यावरचा घाला आहे. रिमोट उचला, १६ वर आणा, मग दुलई काढा. एक अंश वाढवला तर साधारण सहा टक्के वीज वाचते, असं ऊर्जा दक्षता ब्यूरोवाले सांगतात. मग दुलईचे पैसे कोण देणार? पंख्याकडे तर बघूसुद्धा नका. जुना पंखा ७५ वॅट खातो, नव्या कमी विजेच्या मोटरचा, म्हणजे बीएलडीसी, पंखा तिसाच्या आसपास. पण वास्तुशांतीला आलेल्यांना पंखा दाखवून काय सांगणार?

आता सोसायटीकडे वळू. हरित होण्याची खरी मजा सर्वसाधारण सभेत असते.

विषय मांडायचा सौर पॅनेलचा. गच्चीला उन्हापासून वाचवायचा विषय चुकूनही मांडायचा नाही. गच्चीवर ब्रिकबॅट कोबा, म्हणजे विटांच्या तुकड्यांचा थर, नीट करून वर पांढऱ्या चायना चिप्स, म्हणजे फरशीचे तुकडे, बसवल्या, किंवा नुसता उन्हाळ्याआधी चुना फासला, तरी वरच्या मजल्याची धग उतरते. पण चुन्याच्या बादलीसोबत कोणी फोटो काढून घेत नाही. पॅनेलसोबत नगरसेवकसुद्धा येतात.

आकडे पाठ करून जा, छाप पडते. प्रधानमंत्री सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये आली. स्वतंत्र घराला तीन किलोवॅट किंवा जास्तीच्या संचासाठी ७८,००० रुपये अनुदान, सोसायटीच्या सामायिक वापराला किलोवॅटमागे १८,०००. एका किलोवॅटला गच्चीची साधारण शंभर चौरस फूट जागा लागते आणि दिवसाला चार युनिटच्या आसपास वीज मिळते. म्हणजे २० किलोवॅटला ३,६०,००० रुपये अनुदान. इथपर्यंत सभा शांत असते. मग कोणीतरी विचारतं, ‘गच्चीवर हक्क कुणाचा?’ आणि पुढचे दोन तास तुम्हाला काहीच करावं लागत नाही. वरच्या मजल्यावरचे म्हणतात गळती होईल, तळमजल्यावरचे म्हणतात आम्ही लिफ्ट वापरतच नाही. कोषाध्यक्ष २०१४ च्या रंगकामाचा हिशोब काढतात. चहा येतो.

आमचा ठराव तिसऱ्या सभेत झाला. ठेकेदार जागा बघायला मेच्या मध्यात आला. पुण्यात तेव्हा शून्य सावलीचे दिवस असतात, सूर्य बरोबर डोक्यावर. त्याला पाण्याच्या टाकीची सावली दिसलीच नाही, कारण ती नव्हतीच. त्याने टाकीच्या उत्तरेला ओळीने पॅनेल बसवले. डिसेंबरात सूर्य दक्षिणेला कलला, टाकीची सावली लांबून पहिल्या दोन पॅनेलवर पडू लागली आणि एका माळेत जोडलेले म्हणून त्यांच्यासोबत बाकीच्यांनीही अंग चोरलं. ठेकेदाराला फोन केला तर तो म्हणाला, उन्हाळ्यात ठीक होईल. बोलला ते खरं. उन्हाळ्यात चौथ्या मजल्यावरच्या काकूंनी त्याच पॅनेलवर कुरडया वाळत घातल्या. ‘गच्चीवर एवढी गरम जागा दुसरी नाही हो,’ त्या म्हणाल्या. सौर ऊर्जेचा इतका थेट वापर मी तरी पाहिला नव्हता.

सौर बंबाचं मात्र आमच्याकडे उत्तम चाललंय. सौर बंब, पर्जन्यजल संचयन, गांडूळखत अशा गोष्टी केल्या की महापालिका मालमत्ता करात ५ ते १० टक्के सवलत देते. त्यामुळे बंब असणं महत्त्वाचं, चालणं नव्हे. आमच्या बंबाच्या चार नळ्या फुटल्या आहेत आणि त्याच्याखाली कबुतराचं घर आहे. सगळ्यांच्या बाथरूममध्ये गिझर आहेत. सवलत वेळेवर मिळते.

एवढं करूनही कोणी चंद्रपूरचं नाव काढलं, तर विषय बदला. तिथल्या २,९२० मेगावॅटच्या औष्णिक केंद्रातला कोळसा आपण जाळत नाही, तो त्यांचा ते जाळतात. जून २०२५ अखेर देशाच्या स्थापित वीजक्षमतेत खनिज इंधनाशिवायचा वाटा निम्म्यावर पोचला, ही बातमी ग्रुपवर टाका. प्रत्यक्ष तयार होणाऱ्या विजेत अजून सत्तर टक्क्यांच्या आसपास कोळसाच असतो, ही ओळ कॉपी करताना वगळली तरी चालते. संध्याकाळी सातला तुम्ही घरी येता, भिंत तापलेली असते, एसी १६ वर जातो. बरोबर त्याच वेळी गच्चीवरचे पॅनेल सूर्याबरोबर झोपलेले असतात. मग कोयनेचं पाणी सोडा, चंद्रपूरचा धूर वाढवा. भिंत दिवसभर तापलीच नसती तर सातला मागणी कमी झाली असती, असले नसते विचार अभियांत्रिकीच्या पोरांसाठी सोडून द्या.

१४ डिसेंबर हा ऊर्जा संवर्धन दिन, तो मात्र चुकवू नका. आम्ही गेल्या वर्षी चित्रकला स्पर्धा घेतली, दोन हॅलोजन लावून. पहिलं बक्षीस मिळालेल्या चित्रात कौलारू घर होतं, पुढे पडवी, शेजारी झाड. परीक्षकांना वाटलं, मुलाने आजोळ काढलंय.

गेटवर आता नवी पाटी लागली आहे : ‘हरित सोसायटी’. तिच्याखाली वॉचमनची पत्र्याची केबिन आहे. तिला खिडकी एकच, पश्चिमेला. दुपारी तो तिथे नसतो, खुर्ची घेऊन कडुनिंबाखाली बसतो. तेवढ्या एका जागेसाठी सोसायटीने आजवर एक रुपयाही खर्च केलेला नाही. पुढच्या रविवारच्या सभेची विषयपत्रिका काल आली. विषय क्रमांक ४ : पार्किंगच्या शेडवर नवे सौर पॅनेल बसवण्यास मंजुरी देणे, आणि त्यावर सावली येत असल्याने गेटजवळचा कडुनिंब तोडण्यासाठी महापालिकेकडे अर्ज करणे.